रबरी गांडुळं आणि खरा चिखल

मला गांडुळाची किळस येते. लहानपणापासून येते, आणि आत्ता हे लिहितानाही बोटं पदराला पुसावीशी वाटतात. तरी त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त किळस आली ती गांडुळाची नव्हे.

मी आमगावातल्या एका खासगी शाळेत बालवर्गाला शिकवते. शाळेला लागूनच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत. रोपांच्या रोवणीचे दिवस होते, खिडकी उघडली की चिखलाचा वास थेट फळ्यापर्यंत यायचा. नेमका तेव्हाच माती आणि गांडुळाचा पाठ आला, आणि मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यासाठी माती ऑनलाइन मागवली! पिशवीतली, चाळलेली, कसलाच वास नसलेली. सोबत गुलाबी रबरी गांडुळं आणि पोरांच्या हातांसाठी प्लास्टिकचे मोजे.

त्या रबराला रॉकेलसारखा उग्र दर्प होता. एका पोरानं एक गांडूळ तोंडात घालून चावलं आणि थुंकलं. लाळेनं बरबटलेलं ते मी चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मोठ्या मॅडम मात्र खुशीत होत्या. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकता टाकता त्या पोरांना म्हणाल्या, "बाहर की मिट्टी को हाथ नहीं लगाना हं. शी! गंदी होती है."

"शी!" सगळा वर्ग नाक मुरडून एका सुरात ओरडला. इतका चटकन पाठ झालेला धडा मी आजवर पाहिला नाही.

शाळा सुटली. वर्गातल्या एका मुलीला तिचे आजोबा रोज बांधीतून परस्पर सायकलवर न्यायला येत. एरवी ती धावत जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारायची. त्या दिवशी ती फाटकातच थबकली.

"शी! आबाजी, तुहे पाय गंदे आहेत. मी नाही येत."

बाकीची पोरंही "शी, शी" करत हसली. आधी आजोबाही हसले. मग त्यांनी खाली पाहिलं आणि पाय गवतावर घासू लागले. गुडघ्यापर्यंतचा चिखल असा थोडाच निघतो? शेवटी ते सायकल हातात धरून चालत निघाले आणि नात अंतर राखून मागं. मला अक्षरशः शिसारी आली. त्या पिशवीची, त्या हसऱ्या फोटोंची, आमच्या शाळेची. ज्या चिखलातून हिची फी येते, त्याला शी म्हणायला आम्ही तीच फी घेऊन शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबा बूट घालून आले. कुठल्याशा लग्नातले काळे बूट, मोजे नाहीत, टाच सोललेली, चालताना लंगडत होते. पोरगी सायकलवर बसली, पण त्यांच्या कमरेला हात न घालता सीट धरून. हे असंच राहिलं तर ही उद्या ओळखही देणार नाही, असं वाटून मी पुढं झाले.

"आबाजी, उद्या बांधीच्या धुऱ्यावरची माती आणून द्याल? गांडुळांसकट."

"कायले म्याडम? मासे धराले जाऊन राहिल्या का?"

"नाही हो, पोरांना शिकवायला."

"गांडूर शिकवाले?" त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा बुटांकडं पाहिलं. "बरं, आणतो."

सकाळी घमेलं आलं. नशिबानं मोठ्या मॅडम मीटिंगसाठी गोंदियाला गेल्या होत्या. घमेलं वर्गात ठेवताच पोरं भिंतीला चिकटली. पुन्हा तोच सूर, "शी!" आता यात घाण काही नाही असं सांगितलं असतं तर माझ्या तोंडाकडं पाहूनच त्यांना ते खोटं कळलं असतं. म्हणून मी सरळ हात घातला. गार, बुळबुळीत, बोटांत आपल्या मर्जीनं लांब-आखूड होणारं ते हाताला लागलं आणि मी किंचाळले, "शी!"

पोरं चकित झाली, मग खदखदून हसली. ती मुलगी जवळ आली.

"म्याडम, तुमालेबी शी वाटते?"

"खूप."

"मंग फेकत काऊन नाही?"

"ते बिचारं माती भुसभुशीत करून राहिलंय. मला शी वाटते म्हणून त्याला फेकायचं?"

तिनं तळवा पुढं केला. मी गांडूळ त्यावर ठेवलं. तिचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं, पण तिनं ते टाकलं नाही. नंतर आम्ही सगळ्यांनी साबणानं हात धुतले. माझी किळस काही गेली नाही.

शाळा सुटताना आजोबा फाटकात उभे होते, त्याच बुटांत.

"बूट काढ," ती म्हणाली.

"काऊन वं?"

"काढ ना."

त्यांनी कण्हत बूट काढले. पाय घासून धुतलेले होते, तरी नखांत आणि टाचेच्या भेगांत बांधीचा चिखल होताच. ते पाय मागं घेऊ लागले, तशी ती रस्त्यातच उकिडवी बसली.

"शी," ती तोंड वाकडं करून म्हणाली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पायाचा अंगठा घट्ट धरून बसली.