गुरवीणबाईंचा महादेव

सोमवारी सकाळी सडा टाकून होत नाही तोच गल्लीच्या तोंडाशी आवाज यायचा, "महादेव आला हो! निजले असान तर उठा, भांडत असान तर थांबा!" हा महादेव म्हणजे बेलाची टोपली, आणि ती डोक्यावर घेऊन येणाऱ्या आमच्या गुरवीणबाई. नाव सरजाबाई, पण ते फक्त मतदानाच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी लहानथोर सगळे गुरवीणबाईच म्हणत.

सत्तरच्या पुढच्या सालात मी लग्न होऊन या गावात आले. लाखांदूरला जाणारी एसटी आमच्या गावावरून जाते. तलावाच्या पाळीवर महादेवाचं देऊळ आहे. तिथली पूजा पिढ्यान्‌पिढ्या एकाच गुरवाच्या घरात. गुरवीणबाईंचे मालक लवकर गेले, म्हणून पूजा मुलगा शंकर करायचा. घरोघरी बेल पोचवणं आणि लग्नाकार्याला पळसाच्या पत्रावळी लावणं हे बाईंकडे. त्याबद्दल धान निघालं की प्रत्येक घरून पायली दोन पायल्या मिळायच्या. मी नवी नवरी, करमत नसे. दुपारी त्यांच्या सपरीत, म्हणजे पडवीत, जाऊन पत्रावळी लावायला शिकले. माझी पहिली पत्रावळ उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, "वा! यातून वरण गाळाले बरं होईन."

आता तुम्ही म्हणाल, बाई मोकळ्या मनाच्या असतील. तसं नव्हतं हो. जातीचा अभिमान त्यांच्याइतका मी कुणात पाहिला नाही. "गुरव होता येत नाही पोरी, गुरविणीच्या पोटी यावं लागते," असं त्या म्हणत. शंकरसाठी ब्रह्मपुरीकडची एक चांगली मुलगी सांगून आली होती. तिची आजी म्हणे परजातीतली. बाईंनी पाव्हण्यांना चहा पाजला आणि रस्त्याला लावलं. मला म्हणाल्या, "दुधात पाणी पडलं आन् रगतात पाणी पडलं, सारखंच. मंग त्या हातचा निवद देव काहून खाईन?"

आणि शंकरनं काय केलं? यमुनेशी भंडाऱ्याला जाऊन लग्न लावून आला. यमुना मासे धरणाऱ्या ढिवराची. तिचा बाप तलावात शिंगाडे लावायचा, ती डोंग्यातून शिंगाडे तोडायची. देवळाच्या पायरीवरून तलाव दिसतो आणि तलावातून देऊळ दिसतं. बाकी मी काय सांगू!

बाईंनी दोघांना हाकललं नाही, पण यमुनेला सपरीतच जागा दिली. चुलीपाशी येऊ दिलं नाही. तिच्याशी बोलायचं असलं तर भिंतीला सांगायच्या, "कोनी तरी बकरी बांधा म्हणा." यमुना मुकाट्यानं बकरी बांधायची.

मग गावचे पंच बसले. त्यात माझे चुलत सासरे आबाजी मोठे. त्यांनी ठरवलं की परजातीची बाई घरात असेपर्यंत शंकरनं गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाही. पूजा त्याच्या चुलतभावानं, दामोदरनं करायची. यमुनेला माहेरी पाठवलं, तर मात्र शंकरचा मान शंकरला परत. शंकर डळमळला. "थोडे दिवस जा, निवळलं की आणतो तुले," असं तो तिला म्हणत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. यमुनेला तेव्हा दिवस गेलेले. ती नुसती बाईंच्या तोंडाकडे पाहायची. बाई काय म्हणतील त्यावर सगळं होतं, आणि बाई काहीच म्हणत नव्हत्या.

त्याच दिवसांत आमच्या वाड्यातल्या खोलीत शाळेचे योहान मास्तर भाड्यानं राहत. ख्रिस्ती माणूस, साधा, गोष्टी सांगायची हौस. एका दुपारी बाई माझ्याकडे पळसाची पानं घेऊन बसल्या होत्या. मास्तरांना सुट्टी होती, तेही तिथंच बसले होते. बाईंनी विचारलं, "मास्तर, तुमच्यात पुजारी कोनीबी होते का?"

मास्तर म्हणाले, "आता होतो बाई. पण आमच्या जुन्या शास्त्रात नव्हता होत. इस्राएल लोकांत एकच घराणं होतं, त्याच्याच मुलांनी वेदीपुढं उभं राहायचं. आणि त्यांनी बायको आपल्याच लोकांतली करायची."

बाई खूश. "पाहा! मी म्हणत नव्हते?"

मग मास्तरांनी एक जुनी गोष्ट सांगितली. ते लोक परमुलखातून परत आले, तेव्हा पुष्कळांनी, अगदी पुजाऱ्यांच्या मुलांनीसुद्धा, बाहेरच्या बायका केल्या होत्या. त्यांच्या एका शास्त्र्यानं सगळ्यांना देवळापुढच्या चौकात बोलावलं. धो धो पाऊस पडत होता, माणसं कुडकुडत बसली होती. तिथं ठरलं की त्या बायका आणि त्यांची लेकरं यांना घालवून द्यायचं.

बाईंचा हात थांबला. "आन् त्या बाया?"

"कोणत्या?"

"ज्यायले काढलं त्या. लेकरं घेऊन गेल्या कुठं?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "ते पोथीत लिहिलेलं नाही बाई."

"काहून नाही? पावसाचं लिहिलं ना?"

बाईंनी मांडीवरची पानं गोळा केली आणि निघाल्या. मला राहवेना, मीही मागं गेले. घरात शिरल्याबरोबर त्यांनी यमुनेला पहिल्यांदा नावानं हाक मारली. "यमुने, इकडं चुलीपाशी ये. भात कसा मांडतं पाहू." मग दारातल्या शंकरकडे वळल्या. "तुले देऊळ पायजे असन तर दामोदरच्या घरी निजत जाय. हे पोरगी कुठं जात नाही." देवळाची किल्ली त्यांनी स्वतः जाऊन दामोदरच्या हातात ठेवली. येताना रडल्या असतील, मला माहीत नाही. मला तर त्या म्हणाल्या, "उन्हात चालून डोळे आले."

किल्ली गेली, बेल गेला, धान गेलं. शंकर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाऊ लागला. पण दामोदरच्या बायकोला पत्रावळ काही जमेना. तिच्या पत्रावळीतून वरण थेट पायजम्यावर! मग लग्नसराई आली की गाव मागच्या दारानं बाईंकडेच यायचं. पत्रावळी लावायची यमुना, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई गठ्ठा बांधून देत आणि हसत, "देवाले चालत नाही, पोटाले चालते. घेऊन जा."

यमुनेला मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला. दामोदर थकला. त्याची मुलं नागपूरला कारखान्यात लागलेली, ती कशाला परत येतात! तेव्हा आबाजी आणखी दोन पंचांना घेऊन बाईंकडे आले. बाई खाटेवर होत्या, छातीनं हैराण. मी त्यांचे पाय चेपत होते.

आबाजी म्हणाले, "वयनी, शंकरनं पूजा करावं. सुनेनं देवळाबाहेर राहावं, आन् तिच्या पोरानं पुढं मान मागू नये. बस, एवढंच."

बाई म्हणाल्या, "आधी पाणी प्या, मंग बोलू. यमुने, पाणी आण."

यमुना तीन गडवे घेऊन आली. आबाजींबरोबरच्या दोघांनी गडव्यांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि "उशीर होऊन राहिला" म्हणत उठले. आबाजी बसून राहिले. मग त्यांनी गडवा उचलला आणि वरून घटाघट प्यायले. मिशा पुसून म्हणाले, "वयनी, मी एकटा काय करू?"

"एकट्यानं पाणी पेल्लं, तेवढंच बस झालं भाऊजी," बाई म्हणाल्या. "पण माह्या नातवाले बाहेर ठेवून मले पूजा नोको."

त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. शेवटी त्यांचं डोकं यमुनेच्या मांडीवर होतं. पूजेचा मान घरात परत आला नाही. गावानं बाहेरून एक पगारी पुजारी आणला. त्याची बायको कोणाची, आजी कोणाची, हे एकाही माणसानं विचारलं नाही.

पुढच्या शिवरात्रीला मी अभिषेकाच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे यमुना, हातात नारळ, शेजारी पोरगा. तिचा नंबर आला. नव्या पुजाऱ्यानं पळीत पाणी घेतलं आणि विचारलं, "गोत्र?"

यमुनेनं सासूचं गोत्र सांगितलं. पुजाऱ्यानं ते मोठ्यानं म्हटलं आणि महादेवावर पाणी सोडलं.