लोणी काळभोरची उन्हाळी शाळा आणि बोलायला लागलेले दिनकरराव

जायचं मीच ठरवलं होतं. पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडता येत नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कुणीतरी पत्रक लावलं होतं. लोणी काळभोरजवळच्या एका कॉलेजात मे महिन्यात वसतिगृह रिकामं असतं, तिथे साठीपुढच्यांसाठी आठवडाभराचे निवासी वर्ग. झाडांची ओळख, पेन्सिलचित्रं, गोष्ट सांगण्याची कला, असे विषय. शुल्क विचाराल तर नात्यातल्या एका लग्नाचा आहेर वाचवलात की दोघांचं भागेल. मी टेलिफोन खात्यात ट्रंककॉल जोडण्यात नोकरी घालवली, झाडांकडे मान वर करून बघायला सवड मिळाली नाही. म्हणून झाडं. दिनकररावांना, म्हणजे आमच्या यजमानांना, विचारलं तर ते पेपरमागून म्हणाले, "बरं."

हे त्यांचं त्या दिवसाचं भाषण. खडकीच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं. मशीनच्या आवाजात बोलायची सवय गेली असावी, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. लग्नाला चाळीस वर्षं उलटून गेली. 'बरं', 'नको', 'मीठ कमी आहे' एवढ्या भांडवलावर आमचा संसार चालला.

जाणाऱ्यांसाठी: विश्रांतवाडीहून स्टेशन, तिथून हडपसर आणि पुढे लोणीची बस. सकाळी आठच्या आत हडपसर ओलांडा, नाहीतर सोलापूर रस्त्यावर कंटेनरच्या मागे बसून ऊन खाल. बॅग चाकांची नको, कॉलेजच्या फाट्यापासून आतला रस्ता खडीचा आहे. आम्ही फाट्यावर रसवंतीत थांबलो. आलं-लिंबू घातलेला गार रस. रसवंतीवाल्याने आमच्याकडे बघून विचारलं, "ॲडमिशनला का आजी? पोरगं कुठं हाय?"

"आम्हीच पोरं," मी म्हणाले. दिनकरराव हसले नाहीत. पेला मात्र दुसरा घेतला.

नोंदणीच्या टेबलावर पहिला धक्का. झाडांच्या वर्गात एकच जागा उरली होती. "काकांना गोष्टींच्या वर्गात टाकू का?" तिथली मुलगी म्हणाली. तिचं नाव केतकी, तीच तो वर्ग घेणार होती. मला हसूच आलं. म्हटलं, टाका, तेवढीच वर्गात शांतता. दिनकरराव म्हणाले, "बरं."

बायकांचं वसतिगृह वेगळं, पुरुषांचं वेगळं. खोली तळमजल्याची मागून घ्या, आणि चादर घरची न्या. माझ्या खोलीत जयश्रीताई होत्या. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, खणखणीत हसणाऱ्या, उशाशी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. मला लगेच आवडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवडत होत्या.

झाडांचा वर्ग सुरेखच. पहाटे निघायचं, कॅनॉलच्या कडेने चालायचं. करंज आणि शिरीष मी पहिल्यांदा वेगळे ओळखले. बहाव्याखाली उभं राहून वर पाहिलं तर पिवळ्या घोसांतून आभाळ दिसेना. नाश्त्याला थालीपीठ, लोणी मात्र नावालाच. लोणीत येऊन लोणी मिळेना, असं मी म्हटलं, त्यावर आमच्या टेबलावरचे सगळे हसले. मी खुशीत होते.

त्या दुपारी जयश्रीताई गोष्टींच्या वर्गातून खोलीत आल्या आणि पंख्याखाली बसत म्हणाल्या, "तुमचे मिस्टर काय बोलतात हो!"

"कोण?"

"दिनकरराव! अहो, काय तो फोरमनचा किस्सा. हसून हसून पोट दुखलं आमचं."

"कुठला फोरमन?"

"तो नाही का, साहेबाच्या खुर्चीखाली कुत्र्याचं पिल्लू लपवलेलं? तुम्हाला तर पाठ असेल."

मी म्हणाले, "हो, पाठ आहे." मला काहीही माहीत नव्हतं.

जेवणघरात मी त्यांना पाहिलं. लांबच्या टेबलावर चार बायका, दोन पुरुष आणि मध्ये आमचे दिनकरराव, हातात पोळीचा तुकडा तसाच, हवेत हात फिरवत काहीतरी सांगताहेत. हा हात मी कधी हवेत पाहिला नव्हता. मी ताट घेऊन जवळ गेले, तसे ते थांबले. "आमटी तिखट आहे," मला म्हणाले.

कुणी म्हणेल, या वयात जयश्रीताईंचा संशय? छे. संशय आला असता तर सोपं होतं, भांडता तरी आलं असतं. मी जळत होते ती त्या सगळ्या टेबलावर. ज्या बोलण्याची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली, ते बोलणं दिनकरराव परक्या लोकांच्या ताटात वाढत होते, आणि मला आमटीची बातमी. रोज दुपारी जयश्रीताई माझ्याच नवऱ्याची नवी हकिकत आणायच्या. लहानपणी ते विहिरीत पडले होते, हे मला त्यांच्याकडून कळलं. पाठीवरची खूण त्याचीच, म्हणे. खूण मी पाहिली होती, विचारल्यावर उत्तर आलं होतं, "लागलं होतं." आणि मी मूर्खासारखी प्रत्येक वेळी मान डोलवत होते, लाडू नको म्हणत होते.

चौथ्या दिवशी सगळ्यांची मिळून मंडईत सहल. कॉलेजच्या बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने एकच स्थानक. सरकते जिने लांबलचक आहेत, घाई करू नका. चित्रवाल्यांनी मंडईचा तो दगडी मनोरा काढायला घेतला, आम्ही झाडवाले फळं बघत फिरलो, गोष्टवाल्यांनी माणसांचं बोलणं ऐकायचं होतं. मी एका आंबेवाल्याला विचारलं, "हापूस आहे का नक्की?"

"नाही," तो म्हणाला, "हौस म्हणून हापूसची पाटी लावलीय."

मी हसत वळले तर दिनकरराव एका गाळ्यापाशी गप्प उभे. शेजारी जयश्रीताई. त्या काहीतरी विचारत होत्या आणि ते मान हलवून नाही म्हणत होते. मी दुसऱ्या बाजूने निघून गेले. जांभळं घेतली, अर्धी रागाने खाऊन टाकली.

शेवटच्या संध्याकाळी सभागृहात सगळे वर्ग जमले. चित्रं मांडली होती, आम्ही झाडांची पानं ओळखून दाखवली, मग गोष्टी. केतकी म्हणाली, "आता दिनकरकाका. काका, टेक युअर टाइम." मी मागच्या रांगेत बसले. फोरमनचा किस्सा एकदाचा ऐकायला मिळेल, असं वाटलं.

त्यांनी सुरुवात केली, "आम्हाला एक मुलगा होता. नंदू."

माझ्या हातातला पंखा थांबला. नंदू आमचा पहिला. दोन वर्षांचा व्हायच्या आत तापाने गेला. मुलगी नंतर झाली, तिलाही त्याच्याविषयी फार माहीत नाही. त्यांच्या तोंडून ते नाव मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

ते तापाविषयी बोललेच नाहीत. एका दुपारविषयी बोलले. माझी ड्यूटी होती, यांची सुट्टी. नंदूला सर्दी होती, उन्हात नेऊ नका म्हणून मी बजावून गेले होते. पोर रडायचं थांबेना, म्हणून यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि बसने मंडईत नेलं. तिथे एका आंबेवाल्या बाईने त्याच्या हातात आंबा दिला. नंदूने तो सालीसकट चावला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "थू!" बाई एवढी हसली की तिने त्याला ओट्यावर बसवून आंबा पिळून भरवला. रस कोपरापर्यंत. घरी आल्यावर यांनी त्याला अंघोळ घातली, झबलं धुऊन वाळवलं, आणि मी येईपर्यंत पोरगं शहाण्यासारखं झोपलेलं.

लोक हसत होते, डोळे पुसत होते. जयश्रीताई तर उघड रडत होत्या. मला रडू आलं नाही. मला हेवा वाटला. माझ्या बाळाचे दिवस मोजकेच, आणि त्यातला एक माझ्याकडे नव्हता. तो आता चाळीस अनोळखी माणसांकडे होता.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "हे मला का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली होतीस उन्हात न्यायला," ते म्हणाले. "पुढे पावसाळ्यात त्याला ताप आला. वाटलं, तू म्हणशील, तुम्हीच."

"तो ताप कुठे, ते ऊन कुठे! मी असं म्हटलं असतं?"

"माहीत नाही. विचारायची भीती वाटली. मग त्याच्याविषयीच बोलेनासा झालो. मग बाकीचंही राहिलं."

"त्यांना बरं सांगितलंत!"

"त्यांनी नंदूला पाहिलं नव्हतं ना," ते म्हणाले. "ते सोपं होतं. आणि तू मागे बसलेली दिसत होतीस."

मी त्यांचा हात धरला, पण राग गेला नव्हता, त्यामुळे जरा जोरातच धरला. ते "आई गं" म्हणाले.

परत येताना बसमध्ये मी उलटतपासणी केली. झबलं कुठलं? पिवळं. बाई कशी होती? जाड, नाकात मोठी नथ. 'थू' कसं म्हणाला? त्यांनी म्हणून दाखवलं. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं.

घरी येऊन महिना झाला. काय उरलं म्हणाल, तर सोसायटीतली सगळी झाडं आता मला नावानिशी ठाऊक आहेत. दिनकरराव पुन्हा पेपरमागे गेले, पण पूर्ण नाही. गोष्टवाल्यांचा गट दर गुरुवारी एका बागेत जमतो, तिथे ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि मी जळते. दार लावताना म्हणते, "सांगा सगळं त्यांना." खोटं कशाला बोलू? तुम्ही जोडीने जाणार असाल तर एकाच वर्गात जागा मिळतेय का ते आधी बघा. किंवा नकाच बघू. एका वर्गात असतो तर ते माझ्या शेजारी गप्प बसले असते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "मला एक गोष्ट हवी. जी तिथे कुणाला सांगितली नाही, अशी." ते "बरं" म्हणाले. दोन दिवस काहीच नाही. परवा सकाळी मी मेथी निवडत होते, तर समोर येऊन बसले, एक जुडी स्वतःकडे ओढली आणि सांगायला लागले. नंदूचीच. जुडी संपली तरी गोष्ट चालू होती.

ती काय होती, ते इथे लिहिणार नाही. जयश्रीताई हा ब्लॉग वाचतात.