चालीत बसणारं नाव

कसबा पेठेत मंदाकिनीबाईंशी हुज्जत घालायला भाजीवालाही धजावत नाही. उभा जन्म त्यांनी नगरशाळेत संगीत शिकवलं, त्यामुळे बेसूर माणूस आणि बनेल माणूस, दोघेही त्यांना तोंड उघडताच कळतात.

नातीचं नाव त्यांनीच हौसेनं स्वराली ठेवलं होतं. गेल्या वर्षी एक गाणं आलं. त्यात स्वराली नावाच्या मुलीबद्दल जे काही होतं, ते इथे लिहिण्याजोगं नाही. मांडवामांडवांतून ते वाजलं आणि कॉलेजबाहेर पोरं ते हिच्याकडे बघून म्हणू लागली. एक दिवस पोरगी रडत म्हणाली, "आजी, मला नाव बदलायचंय. गॅझेटमध्ये देता येतं." बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात कळलं की गाणं काढणाऱ्या कंपनीचे शेअर निवृत्त शिक्षकांच्या पेन्शन निधीनंच घेतलेत. म्हणजे नातीची बदनामी करणाऱ्यांच्या नफ्यातून आजीची पेन्शन! बाईंनी शेअर विकण्याचा ठराव दिला. निधीचे अध्यक्ष दिगंबरराव, गणिताचे निवृत्त मास्तर, म्हणाले, "बाई, गाणं ऐकू नका. पेन्शन तेवढी घ्या."

"सभेत बघू," बाई म्हणाल्या.

वार्षिक सभा दर वर्षी बाईंच्या स्वागतगीतानं सुरू होई. यंदाही पेटी मांडली, मंडळी डोळे मिटून बसली. आणि बाईंनी ते गाणं धरलं. एकही शब्द न गाळता, संथ, स्पष्ट उच्चारांत, मुलांना प्रार्थना शिकवावी तसं. लाजेनं त्यांचे कान तापले होते, पण आवाज हलला नाही. मिटलेले डोळे उघडले. मागून कुणीतरी "शिव शिव" म्हणालं.

"बाई, थांबवा हे!" दिगंबरराव ओरडले.

"का? सूर चुकला?"

"अहो, बायका बसल्यात इथे!"

"हो का? मला वाटलं, नुसते गुंतवणूकदार बसलेत." बाईंनी भाता सोडला नव्हता. "बरं, स्वराली नको. तुमच्या नातीचं नाव अवनी ना? चालीत छान बसतं. पुढचं कडवं तिच्या नावानं म्हणते."

दिगंबररावांनी हात जोडले. "नको बाई. लहान आहे हो ती."

"माझी काय म्हातारी आहे?"

ठराव मताला आला. चित्रकलेचे रंगनाथ मास्तर पुटपुटले, "पेन्शन घटेल."

"घटू दे," दिगंबरराव म्हणाले आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मग एकेक करत बरेच हात वर गेले. काही शेवटपर्यंत मांडीवरच राहिले, आणि ते कुणाचे हे बाईंनी नीट पाहून ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वरालीला सगळं सांगितलं. "शेअर विकले जातील. पण गाणं बंद नाही व्हायचं, बाळा. पोरंही म्हणत राहतील. उद्या मी येते तुझ्याबरोबर, बघू कोण तोंड उघडतं."

स्वराली आजीसमोर येऊन बसली.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "कुणी म्हटलंच ना, तर समोर जाऊन सांगेन, हो, मीच स्वराली. बोल आता."