मागच्या खोलीतलं मशीन

आमचे हे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात. तिथे प्रत्येकाच्या टेबलाखाली एकेक दांडगं वर्कस्टेशन. ज्याचं त्याने बसायचं, नकाशा काढायचा, संध्याकाळी बंद करून घरी जायचं. सर्व्हर मात्र मागच्या खोलीत. त्याच्यापुढे कोणी बसत नाही, त्याला सुट्टीही नाही. सगळ्यांचे नकाशे त्याच्यात. पॉवर सप्लाय दोन, डिस्कच्याही जोड्या. एक गेलं की दुसऱ्याने काम ओढायचं. एवढं मला कळतं, कारण लग्न झाल्यापासून जेवताना हेच ऐकतेय.

तो सर्व्हर कायमचा बंद पडला तेव्हा साहेब म्हणाले, "एक वर्कस्टेशन रिकामं पडलंय ना, तेच ठेवा तिथे. कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर."

"साहेब, ते एकट्या माणसासाठी असतं. त्यात सगळं एकेकच," ह्यांनी सांगून पाहिलं. ऐकतंय कोण!

ठेवलं. वरचा स्क्रीन काढायचं तेवढं राहून गेलं, आणि तिथेच माती खाल्ली. स्क्रीन दिसला की माणूस बसणारच. साहेबांचा मेहुणा बसला, अख्ख्या इमारतीचं चित्र गरागरा फिरवत. मशीन अडकलं, तसं पठ्ठ्याने बटण दाबून बंद केलं. सगळं ऑफिस ठप्प.

आम्ही तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. ह्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलेला, ऑपरेशन सारखं पुढे ढकललेलं. आता टाळलंत तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून झाले, आत बोलावणार, तेवढ्यात फोन वाजला.

"घेऊ नका," मी म्हटलं. घेतलाच, आणि तसेच ऑफिसकडे निघाले.

माझं डोकं फिरलं, पण एकट्याला कसं सोडू? थेंबांमुळे ह्यांना स्क्रीनवरचं एक अक्षर लागेना. मी वाचून दाखवायची, हे सांगतील ती बटणं दाबायची. मेहुणा शेजारी चहा पीत उभा. मशीन सुरू झालं तोवर दवाखान्यातली त्या दिवसाची ऑपरेशनं आटोपली होती, आणि फोनवर पुढची तारीख महिन्याभरानंतरची मिळाली.

हात धरून ह्यांना ऑफिसचा जिना उतरवत होते. रागाने रडूच येत होतं.

"डोळा गेला म्हणजे?" मी विचारलं.

"दुसरा आहे ना," हे थकलेल्या आवाजात म्हणाले.

मी पुढची पायरी सांगितली. दुसऱ्यातही सुरुवात झालीय, हे डॉक्टरांनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.