कठड्यावर राहिलेली बाटली

किनाऱ्यावर तिला सगळे बाटलीताई म्हणत. बाई चांगली शिकलेली, पण रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटल्या भरते म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? ते पाणी प्रयोगशाळेत गाळायचं, गाळणकागद छोट्या प्लेटमध्ये घालून इनक्युबेटरच्या उबेत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर उगवलेले ठिपके मोजायचे. हे ठिपके म्हणजे माणसाच्या आतड्यातले जंतू. ते दिसले की सांडपाणी समुद्रात शिरलंय हे नक्की. मग पोहणं बंद.

बंदचा फटका तिच्या धाकट्या भावाला बसे. त्याचा तिथेच मुलांना पोहायला शिकवायचा क्लास होता. सांडपाण्याचा नळ फुटल्यापासून किनारा बंद, आणि मुलं एकेक करून दुसरीकडच्या तलावावर निघालेली.

त्या दिवशी, किनाऱ्याच्या ज्या भागात तो शिकवायचा तिथल्या पाण्याची प्लेट कोरी निघाली. बाटलीताईच्या जिवात जीव आला. तिने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. शेजारच्या दोन्ही भागांत ठिपकेच ठिपके, आणि मधलंच पाणी तेवढं धुतल्या तांदळासारखं? ती खिडकीशी गेली, परत आली, प्लेट पुन्हा उजेडात धरली. चहा निवून गेला. मग आठवलं. काल भाऊ "कधी उघडणार?" म्हणून डोकं खात होता, तेव्हा बर्फाच्या डब्यात जायची बाटली कठड्यावर राहिली होती, भर उन्हात. उन्हाने हे जंतू मरतात. स्वच्छ झालं होतं ते फक्त बाटलीतलं पाणी.

तेवढ्यात त्याचाच फोन.

"ताई, काय निघालं?"

"काही नाही निघालं. पण उघडता येणार नाही. बाटली उन्हात राहिली, चूक माझी. परत भरते."

"तुझ्या चुकीपायी माझा क्लास बुडवू? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

त्याने फोन कापला.

तिने लगेच जाऊन नवी बाटली भरली आणि डबा मांडीवर घेऊनच परतली. पण जीव थाऱ्यावर नव्हता. पाणी खरंच चांगलं असलं तर? पोराच्या पोटावर आपण उगाच पाय दिला.

दुसऱ्या दिवशी प्लेट ठिपक्यांनी गच्च भरली होती.

"बघ, म्हटलं नव्हतं!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली. भलतीच खूश झाली. आपण कशावर खूश झालो हे मग ध्यानात आलं, आणि भावाला फोन लावायचा तिला धीर होईना.