मागं मोकळं हाय

साल दोन हजार अठरा. त्याचं वय तेव्हा एकेचाळीस, आणि टपरीवर चहाचा ग्लास हातात घेण्याआधीही तो दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घ्यायचा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. नवा माणूस विचारायचा, कोणी मागावर आहे काय? तसं काही नव्हतं. तो आमच्या गल्लीतला, फुटबॉल खेळायचा, मैदानाच्या मधोमध. मधल्या माणसाला बॉल पायाशी यायच्या आत मागं कोण उभं आहे ते ठाऊक असावं लागतं. ती सवय त्याच्या मानेत जाऊन बसली होती. रस्ता ओलांडताना, देवळात शिरताना, लग्नाच्या पंगतीत बसतानासुद्धा मान आधी मागं जायची.

माझं शिक्षण चौथी. गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला आमचा मळा आहे. कोथिंबीर, मेथी, थोडा झेंडू. आठवडाभर माझा टेम्पो माल मार्केटला न्यायचा आणि रविवारी त्याच टेम्पोत फुटबॉलवाले बसायचे. उतरले की त्यांच्या अंगाला मेथीचा वास. इतक्या वर्षांत गाडीवर एक ओरखडा नव्हता, गल्लीत कोणालाही विचारा. मात्र त्यातलं निम्मं श्रेय त्याचं, हे मी कोणाला सांगत नसे. गाडी मागं घ्यायची वेळ आली की तो न सांगता खाली उतरायचा, मागं जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "येऊ द्या काका. मागं मोकळं हाय." मी आरशात बघायचोच नाही.

त्याचं खेळणं ही नोकरी होती की मजुरी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. देवळालीत सुरुवात केली. मग पुण्यात खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबात काही हंगाम, मग मुंबईत एका कंपनीच्या दुसऱ्या टीममध्ये. पहिल्या टीममध्ये घेतो घेतो म्हणत त्यांनी त्याचा गुडघा दुखायला लागेपर्यंत वाट बघितली. पुढे अंबडच्या एका कारखान्याने टीम काढली म्हणून तो परत आला. टीम बंद पडली, तो तिथल्याच स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून राहिला आणि रविवारी पाहुणा म्हणून खेळायला लागला.

पाहुणा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. गावोगावच्या स्पर्धा असतात. ज्या टीमला माणूस कमी, ती बाहेरचा एखादा बोलावते. त्याला जेवण, येण्याजाण्याचा खर्च आणि पाठीवर थाप. त्यामुळे तो एका रविवारी मनमाडकडून खेळायचा आणि पुढच्या रविवारी मनमाडच्या विरुद्ध. एकदा तर भर सामन्यात त्याने इतका सुंदर पास दिला की बघणारे उभे राहिले. पास मागच्या आठवड्याच्या दोस्ताला होता, जो आता समोरच्या टीममध्ये होता. गोल झाला. परतीच्या वाटेवर सगळ्यांनी त्याची यथेच्छ सालटी काढली. तो एवढंच म्हणाला, "डोक्याला कळलं होतं. पाय विसरला नव्हता."

त्याचा एकच नियम होता. "बॉल ठेवायचा नाय, काका. आला की दिला." मी विचारायचो, मग तुझ्याजवळ काय राहिलं? तो हसायचा. गोल करणाऱ्याचा फोटो निघतो, गोलकीपरला खांद्यावर घेतात. याचं नाव मी माईकवरून कधी ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याला आतून लागलेली होती. एवढी गावं झाली, पण आमच्याच मैदानावर, आमच्याच मंडळाच्या टीमकडून तो कधी खेळला नव्हता. उमेदीच्या वर्षांत तो बाहेर होता आणि परतला तेव्हा इथे नवी मुलं उभी राहिली होती. घरच्याला कोण पाहुणा म्हणून बोलावणार?

त्या वर्षी मंडळाची टीम फायनलला पोचली. मंडळाचा अध्यक्ष, आमच्या शेजारच्या फुलवाल्याचा थोरला, मला मार्केटमध्ये भेटला. म्हणाला, रविवारी दादांना घेऊन या काका, त्यांच्याशिवाय फायनल व्हायची नाही. दादा म्हणजे हाच; मी संध्याकाळी त्याला निरोप दिला. तो हातातली भाकरी तशीच धरून बसला. मग म्हणाला, "खेळायला का, काका? एकदा विचारून घ्या. वय झालंय माझं."

"बोलावलंय म्हणजे खेळायलाच," मी म्हणालो. "आपण होऊन विचारायला जायचं? मान राहतो का त्यात?"

आमच्यात हे असंच. बोलावणाऱ्याला कशाला बोलावलं म्हणून विचारणं म्हणजे हलकेपणा. मी तर त्यातला पक्का.

त्याने शिफ्ट बदलून घेतली. बुटांना नव्या नाड्या ओवल्या. मंडळाचा रंग लाल, म्हणून लाल स्टॉकिंग आणले. टेम्पोत बसल्यावर म्हणाला, "आज पाहुणा नाय मी." आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बूट तो घरूनच घालून निघाला होता.

मैदानावर मांडव होता, स्टेज होतं. आम्ही पोचतो न पोचतो तोच माईकवरून त्याचं नाव आलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो लगबगीने निघाला. स्टेजच्या फळ्यांवर बुटांखालच्या स्टडचा खट खट आवाज झाला, तसे दोघंचौघं हसले. निवेदक सांगत होता, आपल्या भागाचे ज्येष्ठ खेळाडू, नुकतेच निवृत्त झालेले, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

निवृत्त हा शब्द ऐकल्यावर त्याने मान वळवली. आधी डावीकडून, मग उजवीकडून. दुसरा कोण आहे ते बघायला. मागं फक्त बॅनर होता. त्यावर त्याचाच जुना फोटो, मिशी फुटायच्या वयातला.

मग माईकवर माझं नाव आलं. सत्कार माझ्या हस्ते. खोटं कशाला सांगू, नाव ऐकून मला बरं वाटलं. मी टोपी सरळ केली, ऐटीत वर गेलो, कोणीतरी शाल हातात दिली, आणि तेव्हा माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. लाल स्टॉकिंग गुडघ्यापर्यंत ओढलेले.

आमच्याकडे शाल पडली की माणूस संपला. कामाचा राहिला नाही म्हणून मानाचा झाला. शाळामास्तर असो, तालमीतला वस्ताद असो, शाल-नारळ मिळाला की त्याने दुसऱ्या दिवशीपासून खुर्चीत बसायचं. हे मला माहीत, त्याला माहीत, समोर बसलेल्या सगळ्या मांडवाला माहीत. मी नाही म्हणू शकलो असतो. साध्या साध्या गोष्टींना नाही म्हणण्यात माझं आयुष्य गेलंय. भाऊबंदांशी बारा वर्षं बोललो नाही मी. पण तिथे मी शाल धरून उभाच राहिलो.

त्यानेच मान खाली केली. हळूच म्हणाला, "टाका, काका. ठेवायचं नाय. आलं की दिलं."

मी शाल टाकली. टाळ्या झाल्या.

सामन्याला त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. मांडीवर नारळ, पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले. मी शेजारी. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या मधल्या मुलाच्या पायात गोळा आला आणि त्याला बाहेर आणलं. कप्तान बाकाकडे बघत होता, कोणाला घेऊ म्हणून. हा अर्धवट उठला. शाल खांद्यावरून घसरली. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "बसा ना काका. दिसत नाय आम्हाला."

मला वाटलं, मला म्हणतोय. मी तर बसलेलाच होतो.

तो बसला. आमची टीम जिंकली. गुलाल उधळला तेव्हा थोडा त्याच्या शालीवरही आला.

परतताना गल्लीच्या तोंडाशी गाडी मागं घ्यायची होती. मी सवयीने गियर टाकला आणि वाट बघितली. तो उतरला नाही. मांडीवरच्या नारळाकडे बघत बसला होता. मला वाटलं, आता तरी म्हणावं, चुकलं माझं, मी विचारायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी गाडी मागं घेतली. विजेच्या खांबावर मागचा लाल दिवा फुटला.

तो दचकून खाली उतरला, काचा बघितल्या आणि म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं, काका." आणि मी, साठी ओलांडलेला माणूस, त्याला तसं म्हणू दिलं. वर म्हणालो, "असू दे, होतं असं."

त्यानंतर कुठल्याच गावाचा फोन त्याला आला नाही. तो निवृत्त झाल्याची बातमी माईकवरून झालेली, त्यावर शालीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेलेला. पुढच्या वर्षी त्याने विंचूरकडे एका गोडाउनमध्ये काम धरलं आणि तिकडेच बिऱ्हाड नेलं. कधी भेटलेले लोक सांगतात, बरा आहे, थोडा सुटलाय. मान मागं वळते का, हे मी विचारत नाही. गाडी मागं घेताना आता मी आरशात बघतो, आणि तरी दोन ओरखडे आहेत.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. उजाडता उजाडता कोथिंबीर भरून झाली होती. बोलायचे शब्द जुळवत मी बाहेर आलो, तर तो टेम्पोच्या मागं उकिडवा बसलेला, कंपनीचा निळा शर्ट अंगात. फुटलेल्या दिव्याच्या काचा त्याने वेचून काढल्या होत्या. कालचा एक लाल स्टॉकिंग मधोमध कापून बल्बवर ताणून बसवला होता आणि बुटाच्या नव्या नाडीने घट्ट आवळत होता. म्हणाला, बिनदिव्याची गाडी पोलीस धरतील, दिवा लावून बघा.

मी आत बसून दिवा लावला. जुळवलेले शब्द ओठांपर्यंत आले, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "दिसतं का लाल?"

"दिसतं," तो म्हणाला. त्याने मागं सरून आधी डाव्या खांद्यावरून बघितलं, मग उजव्या, आणि हात वर केला. "येऊ द्या काका. मागं मोकळं हाय."