बाटलीवरची खूण

शर्यतीच्या दिवशी हिरेमठ सर कुणाच्या हातचं पाणीसुद्धा पीत नसत. एरवी गावातल्या सात रस्ता चौकात जो भेटेल त्याच्याबरोबर चहा घेणारा हा माणूस, पण गळ्यात तपासनिसाचा बिल्ला अडकवला की घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन एका कोपऱ्यात एकटाच बसायचा. एकदा एका संघाच्या मालकाने त्यांच्यापुढे शहाळं धरलं. सर हसून म्हणाले, "उद्या द्या की. उद्या मी तुमचा पाव्हणा. आज न्हाई."

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मेकॅनिकल शिकवायचे. मीही त्याच विभागात शिकवत होते. सुट्टीच्या दिवसांत ठिकठिकाणच्या मोटार शर्यतींना जाऊन गाड्या नियमात बसतात की नाही हे तपासायचं काम ते हौसेने करत, आणि पुढे पुढे मलाही सोबत नेऊ लागले. मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. "नोडप्पा, हिकडं बघ," असं म्हणून ते गाडीखाली शिरत आणि बाहेर येत ते शर्टाच्या पाठीवर तेलाचे डाग घेऊन. मग शैलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आठवडाभर तो शर्ट घासत बसत.

शर्यत म्हटलं की लोकांना वाटतं, ज्याचं इंजिन मोठं तो पुढे. आता तसं राहिलेलं नाही. गाडीचं वजन, टायर, इंजिनात शिरणारी हवा, सगळ्यालाच मर्यादा आहेत. आम्ही जायचो त्या शर्यतींत इंधन सगळ्यांना सारखं मोजून मिळायचं, मध्ये भरता यायचं नाही. शिवाय शर्यत संपल्यावर टाकीत थोडं शिल्लक लागायचं, नसलं तर गाडी बाद. ते एका बाटलीत खुणेपर्यंत काढून प्रयोगशाळेत पाठवत, कुणी त्यात काही मिसळलं तर नाही हे बघायला. मुलं वर्गात कुरकुरत, "सर, ही शर्यत कसली? ही तर काटकसर." सर म्हणत, "बैलास्नी वैरण सारखीच घालायची, आन् मग बघायचं कुणाचा पुढं जातोय. न्हाईतर दरवर्षी सावकाराचाच बैल जिंकंल की!"

नरेश त्यांचा लाडका विद्यार्थी. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, घरची भाषा तेलुगू. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मुलांनी बनवलेल्या छोट्या गाडीत तो पहिल्यांदा बसला तेव्हा सर माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, ह्याचा पाय बघा. दाबतंय सगळंच जग. हे पोरगं पाय सोडतंय कुटं ते बघा." वळणाच्या आधीच पाय उचलायचा, गाडी वाऱ्यावर वाहू द्यायची, वेग न घालवता इंधन वाचवायचं, हे कुणी न शिकवता त्याला येत होतं. सरांनी त्याला पुण्याच्या एका संघाकडे नेलं. आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत सरांच्या घरी तो केव्हाही येऊन जेवायचा. वहिनी त्याला 'नरशा' म्हणायच्या आणि त्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकायच्या.

तीन वर्षांत तो हंगामाच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत पोचला. दक्षिणेतला ट्रॅक, अंग भाजणारं ऊन. ही शर्यत जिंकला तर पुढच्या वर्षी वरच्या गटातली गाडी त्याला मिळणार होती. हरला तर त्याला पैसे पुरवणारी कंपनी हात काढून घेणार होती, हेही सगळ्यांना माहीत होतं.

नरेशने सुंदर गाडी चालवली. अर्धी शर्यत तो तिसरा होता, शांतपणे इंधन वाचवत. मग एकेकाला मागे टाकून पुढे आला. शेवटच्या फेऱ्यांत मागचा गाडीवाला त्याच्या अगदी पाठीला चिकटला, आणि तिथे नरेशला पाय उचलणं शक्य झालं नाही. तो पहिला आला. संघाची माणसं नाचायला लागली. मी सरांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते, रबरी हातमोजे घालत होते.

तपासणीच्या आवारात गाडी आणून उभी केली. सरांनी टाकीला पंप जोडला. बाटलीत इंधन आलं, मग फेस आला, मग नुसती हवा. बाटली खुणेच्या खाली राहिली. सरांनी गाडीची मागची बाजू उचलायला लावली, पुन्हा पंप लावला. थोडे थेंब आले. पुन्हा लावला. काहीच आलं नाही. खूण बोटभर वरच होती.

"सर," मी म्हटलं, "एवढ्यात तपासणी आरामात होते. इंधन चांगलंच असणार."

"मला ठाऊक हाय."

"मग हा नियमच चुकीचा आहे."

"आसंल. त्याचं भांडण वर्षाखेरीच्या बैठकीत भांडायचं. आज तो नियम हाय."

निकालाचा कागद लागायच्या आधी ते स्वतः नरेशकडे गेले. त्याच्या गळ्यात हार होता.

"सर, मी पयला आलो की!"

"आलास. लई चांगली चालिवलास."

"मग असं का बघायलाव?"

"बाटली भरली न्हाई, नरेश."

नरेशला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने हार काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून उभा राहिला. सरही उभे राहिले. 

परतीच्या गाडीत सरांनी डबा उघडला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मॅडम, आज माझी चूक झाली." मला वाटलं, आता निकालाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा पंप लावला मी. दुसऱ्याच्या गाडीला दोनदाच लावून सोडून दिलं असतं."

कंपनीने हात काढून घेतला. संघाने दुसरा मुलगा घेतला. नरेशला पुण्याजवळ एका कारखान्यात नव्या गाड्या चाचणीसाठी चालवायचं काम मिळालं. तो शुक्रवार पेठेत परत आला नाही. वहिनी सणाच्या दिवशी दाराकडे बघायच्या. सर बघायचे नाहीत, पण कडी वाजली की त्यांचं वाचन थांबायचं.

वर्षाखेरीच्या बैठकीला सर गेले आणि भांडले. आता तपासणीला एवढं इंधन लागत नाही, खूण खाली आणा, असं त्यांनी पुराव्यानिशी पटवून दिलं. नियम बदलला. नव्या खुणेने मोजलं असतं तर नरेश त्या दिवशी विजेता ठरला असता.

संक्रांतीला गावात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला नरेश घरी आल्याचं कळलं. सर मला म्हणाले, "चला, जाऊन येऊ." मी म्हटलं, "सर, नियम बदलल्याचं आत्ता सांगून त्याला त्रासच होईल." त्यांनी चपला पायात घातल्या होत्या.

नरेशच्या आईने आम्हाला आत घेतलं. घरात मागाची खडखड ऐकू येत होती. नरेश भिंतीला टेकून उभा राहिला, बसला नाही. सरांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं.

"हे सांगाय आलाव?" नरेश म्हणाला.

"व्हय. दुसऱ्या कुणाच्या तोंडनं कळाय नको म्हणून."

"आता हे घिऊन मी काय करू, सर?"

"काय करनार? ऐकून घे, बस्स."

नरेश आत निघून गेला. त्याची आई त्याच्या मागे तेलुगूत काहीतरी बोलत गेली, पण तो बाहेर आला नाही. आम्ही निघालो. जिना उतरताना सरांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्याचा आधार घेतला.

गेल्या उन्हाळ्यात सरांना पोटाचा कॅन्सर निघाला. हातात फार दिवस नव्हतेच. मी दवाखान्यात जायची. एका दुपारी ते नरेशबद्दल आपणहून बोलले, थोडंच.  त्यानंतर आठवडाभरात ते गेले.

त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे सरांना दहन न करता बसवून माती दिली. नरेश कारखान्याच्या शर्टातच पुण्याहून आला होता आणि गर्दीच्या मागे उभा होता. वहिनींना तो दिसला. त्या म्हणाल्या, "नरशा, तितं का थांबलास? पुढं ये की." तो पुढे आला, बेलाची पानं आणि विभूती टाकली, माती लोटली.

नंतर नळावर हात धुताना तो माझ्याशेजारी आला.

"मॅडम, माझा राग अजून गेला न्हाई. इथं येऊन बी न्हाई गेला."

"असू दे. सरांना ते माहीत होतं."

"काही बोलले?"

"म्हणाले, 'त्याला राग यायलाच पायजे. पोरगं जिंकलं होतं हो, मॅडम.'"

नरेशने ओले हात तोंडावर धरले आणि तिथेच नळाखालच्या चिखलात तो खाली बसला.